‘देखण्या मराठीसाठी युनिकोड कामाचे नाही’: एका दाव्याचा प्रतिवाद

मराठी मजकुराची मांडणी करणाऱ्यांमध्ये, म्हणजे डीटीपी करणाऱ्यांपासून पुस्तकांची पाने लावणाऱ्यांपर्यंत आणि निमंत्रणपत्रिका व फलक तयार करणाऱ्यांपर्यंत, एक दावा अनेक वर्षांपासून पुढे पाठवला जात आहे. युनिकोड निरोप आणि मेल पाठवण्यापुरते ठीक आहे, मात्र देखणे मराठी काम करायचे असेल तर जुनेच, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने घडवलेले कृतिदेवसारखे फॉन्ट वापरायला हवेत, असा तो दावा आहे. त्याला पाच कारणे जोडलेली असतात. युनिकोडमध्ये मराठीसाठी दोन-चारच फॉन्ट आहेत. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडची जोडाक्षरे तुटतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. कितीही खटपट केली तरी युनिकोडमधला मजकूर बेढब दिसतो. आणि वाचकाला शेवटी कागदावरचे अक्षर दिसते, फाइलच्या आत काय साठले आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

यांतल्या पहिल्या चार कारणांमागे काम करणाऱ्यांना खरोखर झालेला त्रास आहे, आणि तो नाकारून या दाव्याला उत्तर देता येणार नाही. तरीही त्या त्रासातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. युनिकोड ही संकेतप्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक वर्णाला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो, आणि देवनागरीचे वर्ण तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात आहेत. त्या क्रमांकाचे अक्षर कसे दिसावे हे फॉन्ट ठरवतो. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी कशी व्हावी हे फॉन्टमधल्या नियमांच्या आधारे सॉफ्टवेअर ठरवते. या तिघांच्या पलीकडे चौथा असतो तो पान लावणारा माणूस, जो ओळींमधले अंतर, आकार आणि रकान्याची रुंदी ठरवतो. छापलेले पान बिघडले की या चौघांपैकी कोणाकडून बिघडले हे आधी पाहायला हवे, आणि वरच्या दाव्यात नेमका हाच शोध वगळून सगळा दोष पहिल्याच्या माथी मारला जातो.

फॉन्टांच्या टंचाईची तक्रार एके काळी शब्दशः खरी होती. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला आणि पुढची कित्येक वर्षे बहुसंख्य मराठी माणसांसाठी युनिकोड म्हणजे मंगल असेच समीकरण राहिले. तो घडवणारे र. कृ. जोशी हे देवनागरी अक्षरांचे थोर अभ्यासक, सुलेखनकार आणि कवी होते. त्यांनी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनेकांना अक्षररचना शिकवली. मंगल घडला तो संगणकाच्या पडद्यावरील लहान अक्षरांसाठी, खिडक्यांची शीर्षके आणि यादीतली नावे वाचता यावीत म्हणून. तोच फॉन्ट लग्नपत्रिकेवर किंवा कादंबरीच्या पानांवर वापरायचा आणि तो शोभत नाही म्हणून संपूर्ण संकेतप्रणाली नाकारायची, हा न्याय मंगलवरही अन्याय करणारा आहे आणि युनिकोडवरही.

गेल्या दीड दशकात हे चित्र पार बदलले आहे. २००९ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीने ‘कोहिनूर देवनागरी’, ‘हिंद’ आणि ‘पॉपिन्स’ असे फॉन्ट दिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ आणि ‘अनेक’ घडवले. पुस्तकी मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे, ज्याची हिंदी आणि संस्कृत ही भावंडे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. ‘नोटो’ देवनागरीत एकसारख्या जाडीच्या रेषांचाही आहे आणि जाड-बारीक रेषांचाही. यांतले बरेचसे मुक्त परवान्याखाली मिळतात, आणि तो परवाना छापील व व्यावसायिक कामालाही चालतो. जुन्या फॉन्टांच्या उत्पादकांनीही आपली अक्षरे युनिकोडमध्ये आणली आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा ‘श्री देवनागरी ७१४’ तर ॲपलच्या संगणकांवर आधीपासूनच बसवलेला असतो. म्हणजे ज्या अक्षरवळणांच्या प्रेमापोटी जुने फॉन्ट सोडवत नाहीत, त्यांतली काही वळणे नव्या रूपात उपलब्ध आहेत. रोमन लिपीला जितकी निवड आहे तितकी देवनागरीला नाही हे मान्यच करायला हवे, आणि सलग तीनशे पाने वाचायला सुखावह वाटेल असा, अनेक वजनांत, म्हणजे रेषेच्या वेगवेगळ्या जाडीत मिळणारा पुस्तकी फॉन्ट आजही मोजकाच सापडतो. त्यावरचा उपाय म्हणजे असे फॉन्ट मागणे, विकत घेणे आणि ते घडवणाऱ्यांना त्यांचा मोबदला देणे.

जोडाक्षरे तुटण्याचा मुद्दा बहुतेक वेळा दोन मिनिटांत सुटतो, म्हणून त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. पण तो का उद्भवतो हे कळले की पुढे अडत नाही. युनिकोडमध्ये वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठतात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, जरी डोळ्यांना वेलांटी आधी दिसत असली तरी. ‘सूर्य’ या शब्दातला रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, पण साठवताना तो ‘य’च्या आधी येतो. ही अदलाबदल करणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती कधीच नव्हती. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड समजत नाही. पाने लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, मात्र त्यासाठी परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे लागते, आणि इलस्ट्रेटरच्या प्राधान्यक्रमांत भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली दिसली किंवा जिथे जोडाक्षर हवे तिथे पाय मोडलेले अक्षर दिसले, की ही निवड राहून गेली आहे असे समजावे. लिबरऑफिससारख्या मुक्त साधनांत तर यांतले काहीच करावे लागत नाही. ज्यांचा हात टंकलेखन यंत्राच्या कळरचनेवर बसला आहे त्यांनाही तीच कळरचना ठेवून युनिकोडमध्ये टंकता येते, त्यामुळे सगळे नव्याने शिकावे लागेल ही भीतीही अनाठायी आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो मांडणाऱ्याला मराठी अक्षराची खरी कदर असते. मराठीतला ‘ल’ पाकळ्यांचा असतो, उभ्या दांड्याचा नसतो. मराठीतला ‘श’ देठाचा असतो, शेंडीफोड्या नसतो. राज्य शासनाच्या २००९ सालच्या नोव्हेंबरमधील निर्णयातही हीच मराठीची रूपे मानली गेली. ही वळणे मराठी डोळ्यांत इतकी भिनली, याला मुंबईतल्या छापखान्यांचा इतिहास कारण आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणू रावजी आरू यांनी जे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे घडवली, त्यांच्या नेटकेपणाने देवनागरी मुद्रणाचे मापच ठरवून टाकले. त्या काळी देवनागरीची मुंबई वळणे आणि उत्तरेकडची वळणे वेगळी होती. आज प्रमाण हिंदीत जे ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ लिहिले जातात ते मूळचे मुंबई वळणाचे आहेत. उत्तरेची या अक्षरांची जुनी रूपे आता जुन्या पोथ्यांत आणि पुस्तकांतच भेटतात. ‘ल’ आणि ‘श’ मात्र दोन्हीकडे आपापल्या रूपांत टिकले. एवढ्या परंपरेनंतर मराठी पुस्तकात दांड्याचा ‘ल’ आला की खटकतो, आणि खटकायलाच हवा.

पण तो युनिकोडमुळे येतो हे खरे नाही. युनिकोडमध्ये ‘ल’साठी एक क्रमांक आहे आणि त्याचे कोणते रूप दाखवावे याबद्दल युनिकोड काहीही सांगत नाही. रूप फॉन्टमध्ये असते. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही रूपे साठवलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले की फॉन्ट आपणहून मराठी रूपे पुढे करतो. इनडिझाइनमध्ये अक्षरांच्या पर्यायांत मजकुराची भाषा निवडण्याची सोय असते. संकेतस्थळाच्या पानात भाषेच्या खुणेत मराठीचा संकेत लिहावा लागतो. आपल्याकडे ही भाषा निवडण्याची पायरी सर्रास वगळली जाते. मजकूर मराठी असतो पण फाइलच्या लेखी तो इंग्रजी किंवा हिंदीच राहतो, आणि फॉन्ट त्याला सांगितले तेच करतो. टिरोच्या मराठी आवृत्तीसारख्या फॉन्टात तर भाषा सांगितली नाही तरी मराठी रूपेच येतात. हीच गोष्ट ‘५’ आणि ‘८’ या अंकांच्या मराठी रूपांबाबतही फॉन्ट निवडताना तपासून पाहावी. एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी, की उत्तरेत घडलेले अनेक जुने फॉन्ट महाराष्ट्रातही सर्रास वापरले गेले आणि त्यांत हिंदी वळणाचा ‘ल’ कायमचा कोरलेला होता. तो बदलण्याची कोणतीही सोय त्या फॉन्टांत नव्हती.

मराठीची आणखी एक खूण म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक. समुद्राच्या शब्दात ‘य’वर रफार येतो, डोंगरांमधल्या शब्दात ‘य’च्या आधी अर्धचंद्रासारखा ‘ऱ’ येतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर माणूसच बदलतो. युनिकोडमध्ये यासाठी स्वतंत्र वर्ण आहे. त्याचप्रमाणे ‘ॲ’ हा वर्ण २००८ साली युनिकोडमध्ये आला. त्याआधी घडलेल्या फॉन्टांत तो सापडत नाही आणि त्याच्या जागी चौकट किंवा भलतेच काहीतरी उमटते. फॉन्ट जुना असेल तर ही अडचण येणारच, आणि तिचे उत्तर नवा फॉन्ट घेणे हेच आहे.

आता बेढब दिसण्याकडे येऊ. हा आरोप करणाऱ्यांनी दाखवलेली पाने पाहिली तर त्यांत बहुधा रोमन लिपीसाठी ठरवलेली मापे देवनागरीवर जशीच्या तशी लादलेली आढळतात. ओळींमधले अंतर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. इनडिझाइनमध्ये हे अंतर आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरले जाते, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४ पॉइंटची ओळ मिळते. रोमन अक्षरांना ते पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांचा एक मजला असतो आणि अक्षराच्या खाली उकार, ऋकार व उभ्या जोडाक्षरांचा दुसरा मजला असतो. वरच्या ओळीतल्या ‘उद्ध्वस्त’ या शब्दाचा तळ आणि खालच्या ओळीतल्या ‘मूर्तींवर’ या शब्दाचा माथा एकमेकांसमोर आले, की १४.४ पॉइंटांत त्यांची टक्कर होते. सलग मजकुरासाठी १४० ते १६० टक्के अंतर ठेवावे, म्हणजे १२ पॉइंटला साधारण १७ ते १९ पॉइंट. रकाना रुंद असेल तर वरच्या मापाकडे झुकावे. जुन्या फॉन्टांत ही टक्कर कमी दिसे, याचे एक कारण असे की त्यांतले पुष्कळसे फॉन्ट त्याच पॉइंटमापाला मुळातच लहान दिसत. पॉइंटमाप ही अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीची उंची असते, अक्षराची नसते. त्यामुळे एका फॉन्टचे १२ पॉइंट दुसऱ्याच्या १४ पॉइंटांइतके दिसू शकतात. दोन फॉन्टांची तुलना आकडा सारखा ठेवून करू नये, डोळ्यांना अक्षरे सारखी दिसतील इतपत आकार जुळवून करावी.

अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सवयही रोमन लिपीतून आली आहे. इंग्रजी शीर्षकातली मोठी अक्षरे थोडी विरळ केली की भारदस्त दिसतात. देवनागरी शब्दाला शिरोरेषा बांधून ठेवते; अंतर वाढवले की ती तुटते आणि कमी केले की अक्षरे एकमेकांत घुसतात. देवनागरी शीर्षक भारदस्त करायचे असेल तर आकार वाढवावा, वजन बदलावे किंवा भोवती मोकळी जागा सोडावी. तिरप्या अक्षरांचेही तसेच आहे. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांची स्वतंत्र हस्तलिखित परंपरा आहे, म्हणून तिथे ती वेगळी घडवली जातात. देवनागरीत अशी परंपरा नाही, आणि सॉफ्टवेअरने सरळ अक्षर नुसते कलते केले की उभे दांडे झुकतात पण शिरोरेषा आडवीच राहते. ग्रंथनामासाठी अवतरणचिन्हे आणि जोर देण्यासाठी ठळक अक्षर हे मराठीत रुळलेले मार्ग आहेत आणि ते पुरेसे आहेत. ठळक अक्षरही फॉन्टमध्ये खरोखर घडवलेले असावे. सॉफ्टवेअरने कृत्रिमपणे जाड केलेल्या अक्षरात ‘ष’ आणि ‘भ’ यांच्या आतली मोकळी जागा बुजते. म्हणूनच निदान सामान्य, मध्यम आणि ठळक अशी तीन वजने असलेला फॉन्ट निवडणे शहाणपणाचे आहे.

‘छपाईला सेरिफ, पडद्याला सॅन्स’ हा नियमही मराठीत फार फिरतो आणि तोही उसना आहे. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना असलेले छोटे पाय, आणि सॅन्स म्हणजे असे पाय नसलेले अक्षर. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे सेरिफ नव्हे, आणि देवनागरीत त्या पायांना समांतर असे काही नाही. देवनागरीत खरा भेद रेषेच्या जाडीचा आहे. बोरूने लिहिलेल्या अक्षरात रेषा वळताना जाड-बारीक होते, आणि देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट तिरके कापले जात असल्यामुळे रोमन अक्षरात जी तिरपी रेषा जाड असते ती देवनागरीत बारीक असते. रोमन अक्षरांचा तोल डोळ्यांसमोर ठेवून देवनागरी घडवली की ती परकी का दिसते, याचे उत्तर इथे आहे. सलग वाचनाच्या पुस्तकाला जाड-बारीक रेषांचा, बोरूचे वळण सांभाळणारा फॉन्ट बहुधा अधिक सुखावह वाटतो. सूचना, तक्ते, फोनचा पडदा आणि लहान आकार यांना ‘मुक्ता’ किंवा ‘हिंद’सारखी जवळजवळ एकसारख्या जाडीची अक्षरे बरी पडतात. ‘मोदक’ तर इतका जाड आहे की अक्षरांच्या आतल्या जागेच्या केवळ बारीक फटी उरतात. मोठ्या फलकावरच्या दोन शब्दांना तो फार शोभतो आणि परिच्छेदाला अजिबात चालत नाही. शीर्षकासाठी आणि मजकुरासाठी वेगळे निकष असतात ही टंकमांडणीची अगदी प्राथमिक गोष्ट आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके एकेक अक्षर हाताने घडवून लिहिली, कारण त्या प्रत्येक शीर्षकाला स्वतःचे व्यक्तिमत्त्व हवे होते; पुस्तकाच्या आतल्या मजकुराने मात्र वाचकाचे लक्ष स्वतःकडे ओढता कामा नये.

मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत येणार असेल तर दोन्ही लिप्या एकत्र घडवलेला फॉन्ट घेणे सोपे पडते. ‘मुक्ता’ आणि ‘पॉपिन्स’ तसे आहेत. दोन वेगळे फॉन्ट जोडायचे असतील तर इंग्रजी अक्षरांचा आकार थोडा कमी-जास्त करून दोन्हींचा करडेपणा, म्हणजे पानावर दिसणारी एकूण गडदता, जुळवून घ्यावी. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवण्याचा हट्टही सोडावा. मराठी शब्दांना प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात, शब्द लांब होतात, आणि ‘विद्यार्थ्यांबरोबरच’सारखा शब्द ओळीत मावला नाही की उरलेल्या शब्दांमध्ये मोठमोठ्या पोकळ्या पडतात. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

बेढबपणाच्या आरोपात आणखी एक गोष्ट विसरली जाते. जुने फॉन्ट आठ बिटांच्या चौकटीत घडवलेले होते. त्यांत २५६ घरे होती आणि सगळी वापरताही येत नव्हती. निर्णयसागरच्या काळी खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या हाताशी शेकडो खिळे असत, जोडाक्षरे अखंड ओतलेली असत. ही श्रीमंती २५६ घरांत मावणे शक्य नव्हते, म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते शेजारी-शेजारी जोडण्याची युक्ती निघाली. एकच वेलांटी ‘कि’लाही आणि ‘स्त्रियांच्या’मधल्या रुंद ‘स्त्रि’लाही लावली जाई, आणि तिचे टोक योग्य दांड्यापर्यंत पोहोचतच नसे. ती युक्ती त्या काळी करणाऱ्यांचे कसब मोठे होते आणि तिच्याशिवाय मराठी संगणकावर इतक्या लवकर आली नसती. आजच्या फॉन्टच्या रचनेत ६५ हजारांहून अधिक आकृत्या मावतात, त्यामुळे वेलांटीच्या अनेक रुंदी, रफाराच्या वेगवेगळ्या जागा आणि अखंड जोडाक्षरे पुन्हा देता येतात. सौंदर्याचा निकष लावायचा तर तो युनिकोड फॉन्टांच्याच बाजूने झुकतो.

फॉन्ट घेण्याआधी तो नेहमीच्या नमुना-वाक्यात पाहून भुलू नये. ‘उद्ध्वस्त’, ‘मूर्तींवर’, ‘स्त्रियांच्या’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’, ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्रीय’, ‘चिठ्ठी’, ‘सद्गुरू’, ‘दऱ्या’, ‘ॲड’, ‘प्रश्न’ आणि ‘कल्लोळ’ हे शब्द ज्या आकारात छापायचे आहेत त्याच आकारात, त्याच कागदावर छापून पाहावेत. ‘र्तीं’मध्ये एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, तिथे ते एकमेकांवर चढत असतील तर तो फॉन्ट मजकुराला घेऊ नये.

पाचवा मुद्दा, म्हणजे आत काय साठले आहे याने फरक पडत नाही हे म्हणणे, मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात मांडणीचा अर्थच फक्त छापलेल्या कागदापुरता मानला जातो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठतात. फॉन्टने त्यांना ‘मराठी’चा पोशाख चढवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला, दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तो पोशाख गळतो आणि निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगा उरतात. त्यातही प्रत्येक उत्पादकाची घरांची वाटणी वेगळी होती, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नव्हता.

याचे परिणाम वाचकाला थेट भोगावे लागतात. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तो मराठी नसतोच. अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यातली रोमन अक्षरे एकामागून एक उच्चारत जाते. एखाद्या योजनेची माहितीपुस्तिका किंवा पाठ्यपुस्तक अशा फॉन्टमध्ये असेल तर त्या वाचकासाठी ते अस्तित्वातच नसते. शुद्धलेखन तपासण्याची साधने त्यावर चालत नाहीत, सूची आपणहून अकारविल्हे लागत नाही, फोनवरच्या ई-पुस्तकात अक्षरांचा आकार वाढवून ओळी नव्याने मांडता येत नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस जुळणी झालेली असंख्य मराठी पुस्तके आज त्यांच्या प्रकाशकांकडे अशा फाइलींच्या रूपात पडून आहेत आणि नवी आवृत्ती काढायची तर ती पुन्हा टंकावी लागतात किंवा रूपांतरित करून अक्षर न् अक्षर तपासावी लागतात. ज्या मांडणीने पुस्तकाचे पुढचे आयुष्य बंद केले, तिला केवळ पहिल्या छपाईत अक्षर सुबक उमटले म्हणून यशस्वी म्हणता येणार नाही.

इथे एक सूक्ष्म बाब प्रामाणिकपणे सांगायला हवी. युनिकोड फॉन्टमध्ये केलेल्या पानांची पीडीएफ केली तरी तिच्यातून मजकूर उचलताना वेलांट्या आणि रफार कधीकधी जागा सोडतात, कारण पीडीएफमध्ये मुख्यतः आकृत्या आणि त्यांच्या जागा साठतात आणि त्यांवरून वर्णांचा मूळ क्रम परत मिळवणे देवनागरीत अवघड असते. म्हणून अंतिम पीडीएफवर विसंबून मूळ फाइल टाकून देऊ नये. छापखान्याकडे पाठवताना अक्षरांचे रेखाचित्रांत रूपांतर करण्याचीही पद्धत आहे, आणि फॉन्ट हरवू नये म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु ते रूपांतर वेगळ्या प्रतीवर करावे आणि जिवंत मजकुराची प्रत जपून ठेवावी. समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रातला मराठी मजकूरही शोधता किंवा ऐकता येत नाही, तेव्हा त्याच्यासोबत तोच मजकूर लिहून द्यावा.

जुन्या फाइली नव्यात आणण्यासाठी रूपांतराची साधने मिळतात, आणि ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे काम साठले आहे त्यांनी एकदम सगळे बदलण्यापेक्षा पुनर्मुद्रणाला आलेल्या पुस्तकापासून सुरुवात करावी. रूपांतरानंतर चुका ठरावीक ठिकाणी होतात: रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात, आणि मूळ मजकुरात मधे आलेले इंग्रजी शब्द देवनागरी समजून रूपांतरित झाल्याने निरर्थक होऊन बसतात. मुद्रितशोधकाच्या हाती प्रत देण्याआधी या चार जागा शोधून दुरुस्त केल्या तर त्याचे निम्मे श्रम वाचतात, आणि शोधण्याचे ते काम युनिकोडमधल्या मजकुरावर संगणक स्वतःच करू शकतो.